मुलांची मधली भूक आणि आपला स्वाभिमान

पालकभेटीचा रविवार आपल्या निवासी शाळेत सणासारखा असतो. कोणी गाडीने आमगाव स्थानकावर उतरतात, कोणी एस.टी.ने, कोणी दुचाकीने येतात. सालेकसा, देवरी, तिरोडा या भागांतून आलेली मायबाप मंडळी झाडाखाली मुलांना घेऊन बसतात आणि पिशव्या उघडतात. हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पिशवीत वर पाच-पाच रुपयांची चकचकीत पाकिटे असतात: तिखट कुरकुरीत नळ्या, बटाट्याचे काप, क्रीमची बिस्किटे. त्यांच्या खाली जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले एक गाठोडे असते. त्यात आईने आदल्या रात्री जागून केलेले जवसाचे, नाही तर मोहाचे लाडू असतात. पाकिटे सर्वांदेखत मुलाच्या हाती दिली जातात. गाठोडे मात्र आजूबाजूची मंडळी उठून गेल्यावर हळूच पुढे सरकवले जाते.

एका माउलीला आम्ही विचारले, "ताई, लाडू आधी का दिले नाहीत?" त्या ओशाळून म्हणाल्या, "सर, बाकीच्यायचे मायबाप पाहतात ना. आमचं आपलं असंच काहीतरी."

'असंच काहीतरी' हे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे आम्ही जे मांडू इच्छितो, ते याच शब्दांविषयी आहे.

पालकसभेत सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी, की मूल काही खातच नाही; भाजी बाजूला सारते, वरण नको म्हणते, पाकीट मात्र लगेच संपवते. मुलाचे नखरे फार, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. आमचे मत निराळे आहे. गोडाची ओढ आणि कडूचा नकार एवढे मूल जन्मतः घेऊन येते. लहान वयात अनोळखी पदार्थाची थोडी भीतीही स्वाभाविकच असते. बाकी सारी जीभ घडवलेली असते, आणि आज ती घडवणारे शिक्षक दोन आहेत. पहिला शिक्षक दुकान. मीठ, साखर आणि तेल यांचे प्रमाण मोजून बांधलेली चव प्रत्येक पाकिटात तंतोतंत तीच असते. तिची सवय झाली की रोज थोडी बदलणारी घरची चव मुलाला परकी वाटू लागते. दुसरा शिक्षक म्हणजे आपली लाज. आईच जो पदार्थ लपवून देते, तो पदार्थ कमी प्रतीचा आहे हे मूल न सांगता शिकते. मग ते त्याला 'नको' म्हणते, यात नवल कसले?

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला या 'नको'चा आदरही वाटतो, कारण आपल्या समाजाची वाटचालच एका 'नको'पासून सुरू झाली आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस आणि दारोदारचे उष्टे-शिळे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. चवदार तळ्याचे पाणी आपण ओंजळीत घेतले, ते त्याच परिषदेत. काय प्यावे आणि काय खाऊ नये, हे दोन्ही निर्णय एकाच स्वाभिमानातून आले होते. ताटात पडेल ते मुकाट्याने खाणे हा गुण आहे, असे निदान आपण तरी आपल्या मुलांना शिकवू नये.

परंतु त्या नकारात आणि आजच्या लाजेत मोठे अंतर आहे. तुकडे नाकारताना आपण अपमान नाकारला होता. जवस, मोह, शिंगाडा, शेवगा हे कोणाचे उष्टे नव्हे. ते आपल्या बांधावरचे, रानातले, मामा तलावांतले अन्न आहे. ते गरिबाघरी शिजते म्हणून त्याला हलके मानणे ही दुसऱ्याची नजर आहे आणि ती आपण आपल्याच चुलीवर रोखली आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघराची नोंद केली, तेव्हा आपल्या ताटालाही इतिहास असतो हे अनेकांना प्रथम उमगले. झाडीपट्टीच्या ताटाची अशी नोंद आपल्या शाळेतील मुलांनी आपल्या आजीला विचारून का करू नये?

अर्थात जुने ते सारे सोने, असेही आमचे म्हणणे नाही. लाखोळीची डाळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली. ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून पोटात गेली तर पायांतले बळ जाते. शेजारच्या मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जाई आणि कित्येक मजूर त्यापायी पांगळे झाले. परंपरेतले काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा निवाडा आपल्याला बुद्धीनेच करावा लागेल.

भुकेविषयी भगवान बुद्धांची आळवी नगरातील कथा आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. एका गरीब शेतकऱ्याला धम्म ऐकायचा होता. पण त्याच सकाळी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो धावतपळत, उपाशीपोटी सभेत पोहोचला. भगवंत तोवर उपदेश न करता थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे पोट शांत झाल्यावरच उपदेशाला आरंभ केला. काही भिक्खूंना हे खटकले. परंतु भुकेची पीडा ज्याला छळते आहे त्याच्या कानी धम्म पोहोचत नाही, हे भगवंतांना ठाऊक होते. दुपारी चार वाजता शेवटच्या तासिकेला पेंगणारे मूल पाहिले की आम्हांला हा शेतकरी आठवतो. दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांमधली ही भूक आपण पाकिटावर सोपवून दिली आहे.

येथे आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत भोजनगृहाची देखरेख आमच्याकडे असताना 'ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायचे नाही' असा आमचा दंडक होता. एका लहान मुलाला आम्ही पालकाच्या भाजीपुढे तासभर बसवून ठेवले. शेवटी त्याने डोळे मिटून भाजी गिळली आणि बाहेर जाऊन ओकली. पुढे तो दहावीपर्यंत शाळेत होता. पालकाला त्याने पुन्हा हात लावला नाही. त्या दिवशी आम्ही शिस्त शिकवली असे आम्हांला वाटत होते. प्रत्यक्षात त्याला एका भाजीचा आणि काही अंशी आमचाही तिटकारा शिकवला होता.

त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते थोडक्यात असे. नवा पदार्थ मुलापुढे चमचाभरच ठेवावा. नको म्हटले तर वाद न घालता उचलावा आणि काही दिवसांनी पुन्हा ठेवावा. आठ-दहा वेळा समोर आल्यावर बहुतेक मुले आपण होऊन चाखतात. आपण मात्र दुसऱ्याच खेपेला हार मानतो. 'भाजी खा, मग चॉकलेट देतो' हा सौदा करू नये, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस ठरते. मोठ्यांनी तोच पदार्थ मुलांसोबत बसून खावा. आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मुलाचा हात स्वयंपाकाला लावावा. शेवग्याचा पाला स्वतः खुडणारे मूल त्याच पाल्याचे धिरडे निमूट खाते, असा आमचा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष पदार्थांकडे वळू. आपला जिल्हा धानाचा. पोहे-मुरमुरे घरोघरी असतात. मूठभर मुरमुऱ्यांत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, बारीक चिरलेला कांदा, टमाटर, सांबार घालून वर लिंबू पिळले की पाकिटातला कुरकुरीतपणा ताटात येतो आणि शेंगदाणे-फुटाण्यांतून प्रथिनेही मिळतात. लिंबू केवळ चवीसाठी नाही. त्यातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यांतले आणि पालेभाज्यांतले लोह अंगी लागते. उलट, चहामुळे ते नीट शोषले जात नाही. म्हणून चहा-टोस्टवर मुलाची संध्याकाळ भागवू नये.

तांदळाच्या पिठात थोडे बेसन, कांदा आणि शेवग्याचा कोवळा पाला घालून केलेले धिरडे पाला न खाणारी मुलेही मागून घेतात. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, शेंगदाण्यासह जाडसर कुटून गुळात वळले की लाडू होतात. मोहाची सुकी फुले निवडून, धुऊन, वाळवून भाजावीत आणि तीळ-शेंगदाण्यासह कुटावीत; ती मुळातच गोड असल्याने गूळ थोडाच लागतो. ज्या मोहाच्या दारूने आपले कितीएक संसार बुडवले, त्याच मोहाचा लाडू मुलाच्या हाती देण्यात आम्हांला एक वेगळे समाधान वाटते. हिवाळ्यात तलावांतले शिंगाडे उकडून द्यावेत. रताळी, पोपटीच्या शेंगा, बोरे, पेरू आहेतच. मोड आलेल्या मुगा-मटकीची वाफवलेली उसळ तर बारमाही आहे.

आणि अंडे. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात आणि ते न आवडणारी मुले फार थोडी. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, व ते न खाणाऱ्यांना केळी, देण्याचा निर्णय राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबवला गेला आणि हे काम लोकसहभागावर सोपवण्यात आले. ज्यांच्या घरी भरपूर आहे त्यांच्या आवडीनिवडीवरून गरिबाच्या मुलाचे ताट ठरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लोकसहभागच हवा असेल, तर तो आपण देऊ. जयंतीच्या वर्गणीत आपण कधी हात आखडता घेत नाही. त्याच हाताने वर्षभराच्या अंड्यांची आणि केळ्यांची तजवीज माजी विद्यार्थ्यांनी करावी, अशी आमची विनंती आहे.

दिवसभर मजुरीवर जाणाऱ्या आईने हे सारे कधी करावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणून हा भार एकट्या आईवर टाकू नये. मुरमुरे कालवायला आणि शेंगदाणे भाजायला बापाचे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाचे हात पुरेसे आहेत. दुकानदारांशीही बोलावे लागेल. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर व चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो पालकांनी आग्रह धरल्याशिवाय कागदावरून फाटकापर्यंत पोहोचणार नाही.

एक गोष्ट मात्र विशेष गांभीर्याने सांगायची आहे. मुलाचे न खाणे हा प्रत्येक वेळी नखरा नसतो. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. मूल सतत थकलेले असेल, सांधे दुखत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील, वारंवार ताप येत असेल आणि अन्नावरची वासना उडाली असेल, तर रागावण्याआधी शासकीय दवाखान्यात त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. अशा मुलाला दिवसभर भरपूर पाणी आणि थोडे थोडे, वेळेवर खाणे लागते. रक्त कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नयेत. 'आळशी' आणि 'हट्टी' ठरलेली अशी मुले वर्गात आम्ही पाहिली आहेत. त्यांना हाक मारताना आपण चुकलो, हे तपासणीनंतर कळले.

पालकहो, पुढच्या भेटीच्या रविवारी आम्हांला एवढेच पाहायचे आहे, की फडक्याचे गाठोडे आधी उघडले जावे. सर्वांदेखत उघडावे. दोन लाडू शेजारच्या मुलाच्या हातावर ठेवावेत आणि कोणी विचारले तर 'असंच काहीतरी' म्हणू नये. 'आमच्या घरचे जवसाचे लाडू आहेत' असे सांगावे. आईच्या आवाजातला तो अभिमान मूल ऐकेल, आणि कदाचित तेव्हाच तो लाडू त्याला गोड लागेल. त्या दिवशी आम्हीही झाडाखाली आपल्यासोबत बसू आणि एक लाडू हक्काने मागून घेऊ.

नमो बुद्धाय. जय भीम.