दीडशे तासांचा खर्च कोणाच्या खिशातून?

नर्सिंगची नोंदणी टिकवायची असेल तर पाच वर्षांत 150 तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करा, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. नर्स मंडळी त्याला 'सीएनई' म्हणतात. गावात, पाड्यावर, झोपडपट्टीत काम करणाऱ्या एएनएम भगिनीही यातून सुटलेल्या नाहीत. दंडक योग्यच आहे, हे आधी स्पष्ट करतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की हे तास कुठे, कोणाच्या पैशाने आणि कशासाठी भरले जातात.

हा विषय आमच्या संकेतस्थळावर कशाला, असे काहींना वाटेल. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुली बारावी झाली की एएनएम किंवा जीएनएमला प्रवेश घेतात. घरातली पहिली पगाराची नोकरी अनेकदा हीच असते. शिवाय बाळंतपणाचे काम आपल्या आज्यांना परके नव्हते. नाळ कापणे, वार पुरणे ही 'विटाळाची' कामे जातिव्यवस्थेने अनेक भागांत अस्पृश्य ठरवलेल्या स्त्रियांच्याच माथी मारली होती. सुईणीच्या हातात कसब होते, पण मोबदला पसाभर धान्य आणि मान शून्य. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, सगळा भर दवाखान्यातल्या बाळंतपणावर गेला आणि सुईण बाजूला पडली. तिची नात आज उपकेंद्रात 'सिस्टर' म्हणून बसते. तिचे कसब कोण जपणार, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

कसब जपावे लागते, कारण या क्षेत्रातले ज्ञान झपाट्याने बदलते. पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या सिस्टरला बाळ बाहेर आले की लगेच नाळ कापायला शिकवले होते. आता बाळ ठीक असेल तर निदान एक मिनिट थांबायला सांगतात, म्हणजे वारेतले रक्त बाळाला मिळते आणि पुढे रक्तक्षय टळायला मदत होते. पहिलटकरणीला सरसकट टाके घालायची पद्धत होती, तीही आता चुकीची मानली जाते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव नजरेने अंदाज घेऊन ठरवत असत. 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांमधल्या 80 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजले आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्रावाचे दुष्परिणाम सुमारे 60 टक्क्यांनी घटले. यात महागडे यंत्र नाही. लागते ते वेळेवर पोहोचलेले ज्ञान आणि सराव झालेला हात.

नेमका हातच बसत नाही, ही खरी अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 94.7 टक्के बाळंतपणे आरोग्य संस्थांमध्ये होतात. 2018-20 च्या आकडेवारीत राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होते. केरळनंतर आपला क्रमांक. अभिमानाची गोष्ट आहे. पण याची दुसरी बाजू अशी की उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हाताखालून महिनोन्‌महिने एकही बाळंतपण जात नाही. तिचा दिवस लसीकरणात, सर्वेक्षणात आणि पोर्टलवर आकडे भरण्यात संपतो. मग पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री नाल्याला पूर येतो, 108 ची गाडी पलीकडे अडकते, आणि बाळंतीण सिस्टरच्याच दारात येते. झटके येत असतील तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायची आणि रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिन वापरायची परवानगी सरकारने एएनएमला दिलेली आहे. परवानगी कागदावर आहे, पण शेवटचे इंजेक्शन चार वर्षांपूर्वी दिलेले हात त्या रात्री थरथरणारच.

कुशल प्रसूतीसेवेचे 21 दिवसांचे सरकारी प्रशिक्षण आहे, आणि ते चांगले आहे. पण एकदा झाले म्हणजे झाले, असा त्याचा हिशेब असतो. त्यानंतरचे 150 तास बहुतेक जणी शहरातल्या सभागृहात भरतात. फी स्वतःची, एसटीचे भाडे स्वतःचे. कंत्राटी असेल तर सुट्टीचा पगारही गेला. दिवसभर पडद्यावरच्या स्लाइड बघायच्या आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन परतायचे. बाहुलीवर, म्हणजे मॅनिकिनवर, बाळाचा श्वास सुरू करण्याचा सराव किती जणींना मिळतो? महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात तासभर झालेला सराव अशा दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे आमचे ठाम मत आहे.

1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता: भार कोणी उचलायचा? मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने सोसावा. पण स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, म्हणून त्यानेही भार उचलण्यात गैर काही नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सिस्टरच्या बाबतीत सरकार आणि मालक एकच आहे. मग पळवाट उरतेच कुठे?

आणखी एक गोष्ट. श्रीलंकेसारख्या बौद्ध देशांत गरोदर स्त्रीसाठी अंगुलिमाल परित्त म्हणतात. अडलेल्या बाईच्या वेदना पाहून अंगुलिमालाचे मन हेलावले, ती कथा आपल्याला ठाऊक आहे. प्रसूतिगृहात मात्र आजही आडनाव ऐकून आवाज चढतो, असे आपल्या बायाबापड्या सांगतात. बाईशी सन्मानाने वागणे आता सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही आले आहे. तो धडा 150 तासांत हवा, आणि त्यात जातीचे नाव घेऊन बोलले पाहिजे. नुसते 'गोड बोला' शिकवून भागणार नाही.

ही वेळ महत्त्वाची आहे. 1947 चा परिचर्या परिषद कायदा बाजूला सारून 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतीविद्या आयोगाचा कायदा केला. राज्यांनाही आपापले आयोग नेमायचे आहेत. नवे नियम ठरताना ग्रामीण एएनएमची बाजू कोणी मांडली नाही, तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या सोयीने ते लिहिले जातील. नर्सेसच्या संघटना पगार आणि कायम नोकरीसाठी लढत आहेत, आणि ती लढाई आधीची आहे, हे आम्हाला मान्य आहे. प्रशिक्षणाचे दिवस कर्तव्यावरचे दिवस धरा आणि फी सरकारने भरा, या दोन मागण्या त्याच निवेदनात जोडता येतात.

तरुण कार्यकर्त्यांसाठी काम सोपे आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका: तालुक्यातल्या किती एएनएमना गेल्या तीन वर्षांत प्रसूतीचे उजळणी प्रशिक्षण मिळाले, सरावाची बाहुली कोणत्या केंद्रात आहे, कंत्राटी सिस्टरला प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार मिळतो का. उत्तर आले की ते ग्राम आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. आणि अर्ज टाकण्याआधी आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला भेटा. तिला काय शिकायचे आहे, हे तिला आजवर कोणी विचारलेले नसेल.