रोज एक फोटो, त्याच पिंपळाचा

विदर्भातल्या हिवाळ्यात आपल्या वस्तीतली वडीलधारी माणसे गोधडीतच अडकतात. दार बंद, खोलीत ऊन नाही. माघ सरत आला तरी उठावेसे वाटत नाही. घरचे याला आळस म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला नाही की शरीराचे घड्याळ चुकते, झोप बिघडते, मनही उदास होते.

म्हणून आम्ही विहारासमोरच्या पिंपळाचा रोज सकाळी मोबाईलवर एक फोटो काढू लागलो. (पहिल्या फोटोत निम्मे बोटच आले!) पाने पिवळी पडून गळाली, फांद्या उघड्या पडल्या, आणि एके दिवशी तांबूस पालवी दिसली. फोटो कसाही येवो, त्यासाठी बाहेर पडणे महत्त्वाचे. रिकामटेकड्यांचा छंद म्हणणाऱ्यांना सांगा, संबोधीनंतर तथागत आठवडाभर बोधिवृक्षाकडे पाहत राहिले, असे पाली परंपरा सांगते.

मात्र दोन आठवडे मन खचलेलेच असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर फोटोवर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ वर सरकारच्या टेली-मानसला फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते.