दुरुस्ती करणाऱ्या आज्ञावलीतील दोष

वीज अचानक जाऊन संगणक मध्येच बंद पडला, म्हणजे तो पुन्हा सुरू होताना एक आज्ञावली बहुधा वापरणाऱ्याच्या नकळत कामाला लागते. डिस्कवरील फायलींची मांडणी तपासावी, तुटलेले दुवे जोडावेत, परस्परविरोधी नोंदींचा मेळ घालावा, हे तिचे काम. लिनक्स प्रणालीत एक्स्ट-फोर पद्धतीच्या डिस्कांसाठी ही कामगिरी ई-टू-एफएससीके या आज्ञावलीकडे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२० मध्ये सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा-संशोधन विभागाने तिच्यातील एकेक दोष उघड केला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यावी अशी ही बातमी नव्हती. तथापि तिच्यातून जो प्रश्न निघतो तो केवळ तंत्रज्ञांचा नाही.

दोषाचे स्वरूप कचेरीतल्या कामाच्या उदाहरणाने समजेल. कारकुनापुढे पन्नास ओळींची नोंदवही आहे. आलेल्या कागदावर ‘सत्तराव्या ओळीत खूण करा’ असे लिहिले आहे. कारकून ओळी मोजीत नाही. तो वहीच्या कडेपलीकडे, शेजारी पडलेल्या दुसऱ्याच वहीवर खूण करून मोकळा होतो. संगणकाच्या स्मृतीत त्या शेजारच्या वहीत पुढे कोणते काम करावयाचे याचीच सूचना असू शकते. कागद मुद्दाम तसा तयार करणारा मनुष्य मग आपल्या सूचना कारकुनाकडून पार पाडून घेतो. २०१९ च्या दोषात हेच घडत होते. कोणी किती जागा वापरावी याचा हिशेब ठेवणाऱ्या फायलीत जे आकडे असत ते आज्ञावली न पडताळता खरे मानी. दुसरा दोष अधिक बोलका आहे. निर्देशिकांची फेरमांडणी करताना, आधीच्या फेऱ्यांत सर्व चुका दुरुस्त झालेल्या आहेत असे ती गृहीत धरी. पण वापरणाऱ्याने एखादी दुरुस्ती नाकारली असेल, तर शून्य अक्षरांचे नाव असलेली नोंद पुढे येई आणि त्या नावापाशी तिचा तोल जाई.

म्हणजे जिचे कामच बिघडलेले कागद वाचण्याचे, तीच त्या कागदांवर विश्वास ठेवून बसली होती. शिवाय डिस्क दुरुस्त करावयाची म्हणून तिला संगणकावरील सर्वोच्च अधिकार दिलेले असतात. हल्लेखोराला आधी डिस्कची मांडणी बिघडवावी लागते व मग ती तपासली जाईल अशी व्यवस्था करावी लागते, हे खरे. त्यामुळे धोका सरसकट नव्हता. परंतु बहुसंख्य लोकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनांच्या मुळाशी लिनक्सच आहे, आणि त्यांतील कितीतरी फोनांत एक्स्ट-फोरच वापरली गेली आहे.

या जातीच्या चुका नव्या नाहीत. १९८८ मध्ये मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला ‘किडा’ ज्या वाटांनी इंटरनेटवरील यंत्रांत शिरला, त्यांतली एक हीच होती. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेली सी ही भाषा अशी मोजणी स्वतः करीत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर सोपवते व त्या बदल्यात वेग देते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, ती दरवर्षी जे सुरक्षादोष दुरुस्त करते त्यांतील सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशाच गैरहाताळणीचे असतात.

उपाय मात्र स्वस्त होता. २०१९ च्या दुरुस्तीत मुख्यतः आकड्यांवर मर्यादेच्या तपासण्या बसवल्या गेल्या. मग त्या आधीच का नव्हत्या? फुकट मिळणाऱ्या सामायिक वस्तूची देखभाल कोणी करीत नाही, हे अर्थशास्त्रातले ठरीव उत्तर येथे अर्धेच लागू पडते. या आज्ञावलीचे प्रमुख परिरक्षक थिओडोर त्सो २०१० साली गूगलच्या सेवेत रुजू झाले. म्हणजे हे काम पोरके नव्हते. उणीव होती ती परक्या नजरेने, मुद्दाम वाकडे कागद पुढे टाकून केलेल्या तपासणीची. असा खर्च करणाऱ्याला त्याचा लाभ वेगळा दिसत नाही, आणि न केल्याचे नुकसान मात्र दूरच्या अनोळखी माणसाला सोसावे लागते.

सर्व जुने लिखाण रस्टसारख्या सुरक्षित भाषेत नव्याने करावे, अशी घोषणा सोपी आहे. तिचा खर्च कोणालाही पेलण्यासारखा नाही. गूगलचा अनुभव वेगळी दिशा दाखवतो. नवे लिखाण सुरक्षित भाषेत करावयाचे व जुने बव्हंशी तसेच ठेवावयाचे, या धोरणाने अँड्रॉइडमधील स्मृतिदोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. परंतु ई-टू-एफएससीकेसारखे जे जुने लिखाण परक्याच्या हातचा मजकूर सर्वाधिकाराने वाचते, त्याला ही सवलत देता येणार नाही. पैसा थोडाच असेल तर तो प्रथम तेथे लागला पाहिजे.

हा पैसा कोणी द्यावा? भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. परवान्यांचे शुल्क वाचावे, हा त्यामागील एक हेतू होता. त्या बचतीतला छोटासा हिस्सा या आज्ञावल्यांच्या तपासणीसाठी राखून ठेवणे अवघड नाही. जर्मनीने २०२२ मध्ये अशा सामायिक आज्ञावल्यांच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी तीच ती हजेरीपटाची आज्ञावली लिहीत असतात. त्यांच्या हाती हे काम दिले आणि त्याला गुण व विद्यावेतन ठेवले, तर फार मोठी यंत्रणा लागणार नाही. काम उरलेलेही आहेच: त्याच २०२२ मध्ये, याच संचाच्या १.४६.५ या आवृत्तीत, स्मृतीच्या मर्यादेबाहेर वाचण्या-लिहिण्याचा आणखी एक दोष सापडला. तोही मुद्दाम बिघडवलेल्या डिस्कमुळेच उद्भवणारा होता.