सात किलो युरेनियम आणि भंगाराचा बाजार

मे 2021 मध्ये महाराष्ट्र एटीएसने मुंबईत दोघांना अटक करून सुमारे 7 किलो युरेनियम जप्त केले. तपासणीत ते नैसर्गिक युरेनियम निघाले. अशी खबर आली की लोकांना थेट अणुबॉम्ब दिसतो, आणि पकडलेल्यांची नावे कोणत्या समाजाची हेही लगेच पाहिले जाते. म्हणून आधी हिशोब समजून घेऊ.

नैसर्गिक युरेनियममध्ये बॉम्बच्या कामाचे युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असते. म्हणजे 7 किलोत साधारण 50 ग्रॅम. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बसाठी 25 किलोचे माप धरते. तेवढे वेगळे काढायला मोठे कारखाने लागतात. एखाद्या टोळीचे ते काम नाही.

मग काळजी नको का? हवी, पण योग्य जागी. दवाखाने, प्रयोगशाळा आणि कारखान्यांत कोबाल्ट-60, सीझियम-137 यांसारखे किरणोत्सर्गी पदार्थ वापरले जातात. साध्या स्फोटकात ते मिसळले की ‘डर्टी बॉम्ब’ होतो. आणि असा माल बेवारस पडलेला सापडल्याची उदाहरणे आहेत.

1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातले यंत्र दोघांनी काढून भंगारात विकले. आतली निळी चमकणारी पूड घरोघरी कौतुकाने वाटली गेली. चार जण दगावले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाने 1985 पासून पडून असलेले यंत्र लिलावात काढले. ते मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. कोबाल्ट-60 च्या किरणांनी एक कामगार गेला, बाकीचे दवाखान्यात दाखल झाले.

दोन्ही ठिकाणी दहशतवादी कुणीच नव्हता. पण जो माल गरीब भंगारवाल्याच्या हाती चुकून पडतो, तो वाईट हेतूच्या माणसाच्या हातीही पडू शकतो. म्हणून माल कुणाजवळ सापडला याइतकाच, तो कुणाच्या नोंदवहीतून सुटला हा सवालही विचारला गेला पाहिजे. हिफाजतीची पहिली जिम्मेदारी मालकाची आणि परवाना देणाऱ्या सरकारची आहे.

कुर्ला, मानखुर्दपासून गावोगावी आपल्यातली कितीतरी घरे भंगारावर चालतात. त्यांना एवढे जरूर सांगूया: आकाराच्या मानाने फार जड, शिशाचे किंवा तीन पाकळ्यांचे पिवळे-काळे चिन्ह असलेले भांडे आले तर कापू नका, उघडू नका. मुलांना दूर न्या आणि लगेच पोलिसांना कळवा. दोन पैशांचे नुकसान झाले तरी चालेल, जीव सलामत राहिला पाहिजे.