घंटा वाजली, पुढे काय?

आमच्या शहापुरात अलीकडे एका नव्या आवाजाची भर पडली आहे. खडे बाजारातील दुकानांच्या फळ्या लागल्या, वडगावकडील मागांची खटखट मंदावली, माणसे निजली, की मध्यरात्री केव्हातरी कोठूनसा एक कर्कश भोंगा सुरू होतो. तो कोणाच्या दुकानाचा, कोणाच्या बंद वाड्याचा, की कोणा बँकेचा, हे कोणास ठाऊक नसते. चार घरांत दिवे लागतात. "वाजून वाजून थांबेल," असे कोणी तरी म्हणते आणि दिवे मालवले जातात. भोंगाही खरोखरच थांबतो. सकाळी त्याची कोणी चौकशी करीत नाही.

चोराची भीती आम्हांस वाटते ती वाटतेच; पण त्याहून अधिक भीती या निर्धास्तपणाची वाटते. धोक्याची घंटा ऐकून कूस बदलावयाची सवय ज्या गावास लागली, त्या गावात घंटा असून नसल्यासारखी आहे.

एके काळी गावातील प्रत्येक आवाजामागे एक माणूस उभा असे, आणि ऐकणाऱ्यावर एक कर्तव्य येऊन पडे. संस्थानी राजवटींत नौबत झडे, चौघडा वाजे, तासातासाला टोल पडत, आणि कोणता आवाज कशासाठी हे लहान पोरासही कळत असे. खेड्यांत कोठे जागल्या, कोठे रामोशी, आपल्या या भागात तळवार रात्रीची गस्त घाली. त्याची हाळी ऐकू आली की झोप गाढ लागे, आणि अवेळी ऐकू आली की घरचा कर्ता पुरुष काठी घेऊन बाहेर पडे. शहापूर १९४८ साली सांगली संस्थानासह मुंबई इलाख्यात विलीन झाले. संस्थाने गेली, त्यांच्याबरोबर त्या व्यवस्थाही गेल्या. त्या परत याव्यात असे आमचे म्हणणे नाही. गस्तवाल्याची ती चाकरी जातीने ठरलेली होती आणि तिचे मोल तुटपुंजे होते, हे विसरून गतकाळाची गाणी गाण्यात अर्थ नाही. तथापि त्या व्यवस्थेला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. हाक मारणारा जितका महत्त्वाचा, तितकाच हाकेला ओ देणारा महत्त्वाचा.

विजेच्या चोरघंटेचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली तिचे पेटंट घेतले आणि पुढे एडविन होम्स यांनी तिचा व्यापार वाढविला. दार उघडले की विजेचे वर्तुळ जुळावे आणि घंटा वाजावी, एवढीच ती युक्ती होती. आज तिच्या जागी हालचाल ओळखणारी, काच फुटल्याचा आवाज टिपणारी, हादरा मोजणारी यंत्रे आली आहेत. धूर हुंगणारी तर घरोघर येऊ पाहत आहेत. यंत्र सुधारले, पण घंटा वाजल्यावर कोणी यावयाचे, हा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

आमच्या जुन्या घराण्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच निकडीचा झाला आहे. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळूरला, नातू परदेशी. आणि इकडे गल्लीतील वाड्यात दोन म्हातारी माणसे, किंवा नुसते कुलूप. मुलाने काळजीपोटी चोरघंटा बसवून दिलेली असते आणि तिची वर्दी थेट त्याच्या खिशातील फोनवर जाते. त्याला पुण्यात अडीच वाजता जाग येते आणि ज्याची भिंत त्या वाड्याला लागून आहे तो शेजारी शांत झोपलेला असतो. फोन करावा तर शेजाऱ्याचा नंबर नाही. शेजारी धावला तरी त्याच्याजवळ किल्ली नाही. साडेतीनशे किलोमीटरांवरचा जागा आणि साडेतीन हातांवरचा निजलेला, अशी ही अजब राखण आहे!

कायदे नाहीत असे नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे, आणि सार्वजनिक आणीबाणीची सवडही ठेवली आहे. सन २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत अग्निसूचक घंटांचे सविस्तर नियम आहेत. महाराष्ट्राने २००६ साली अग्निप्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे बसविलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला मालकाने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. कर्नाटकात अग्निशमन दलाचा कायदा १९६४ सालापासून आहे, आणि येथील दल राज्य सरकारच्या हाताखाली चालते. कोल्हापुरासारखे ते महापालिकेचे नाही. पण या साऱ्या नियमांचा भर यंत्र बसविण्यावर आणि मोठ्या इमारतींवर. गल्लीतील दुमजली वाडा, खाली पेढी आणि वर बिऱ्हाड असलेले घर, लुगड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली वखार, यांच्या घंटेचे काय, याचा विचार स्थानिक पातळीवरच व्हावयास हवा.

तो इतरत्र झालेला आहे. इंग्लंडात २००५ च्या एका कायद्याने स्थानिक संस्थांस असा अधिकार दिला, की ठरवून दिलेल्या भागातील प्रत्येक चोरघंटेच्या मालकाने एक किल्लीदार नेमावा आणि त्याचे नाव कळवावे. घंटा सलग २० मिनिटांहून अधिक, किंवा थांबून थांबून एका तासाहून अधिक वाजत राहिली आणि शेजाऱ्यांस त्रास होऊ लागला, तर अधिकाऱ्याने आत जाऊन ती बंद करावी. अमेरिकेत पुष्कळ नगरांतून घंटेसाठी परवाना घ्यावा लागतो. पहिले एकदोन खोटे गजर माफ असतात, नंतर दंड. तेथील न्याय खात्याच्या एका पुस्तिकेत पोलिसांकडे जाणाऱ्या चोरघंटांपैकी शेकडा ९४ ते ९८ खोट्या निघतात असे म्हटले आहे. सॉल्ट लेक सिटीने तर २००० साली ठरविले, की प्रत्यक्ष कोणी पाहून खात्री केल्यावाचून नुसत्या घंटेवर पोलीस धावणार नाहीत. हा शेवटचा उपाय आम्हांस आपल्याकडे रुचणारा नाही. परंतु 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट त्या नगरास किती महाग पडली, हे त्यावरून ध्यानी येते.

घंटा न वाजल्याने काय होते, ते तर आपण आपल्याच देशात पाहिले आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात खाली आग लागली, वर खेळ चालूच राहिला, आणि बाल्कनीतील प्रेक्षकांस वेळेवर कोणी सावध केले नाही. ५९ माणसे गेली. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळे दगावली. ज्यांना हाकही मारता येत नव्हती, त्यांच्यासाठी यंत्राने हाक मारावयाची असते. बाळांच्या बाबतीत ते खरे, तसेच अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीतही खरे.

चोरीचे प्रकार निराळे, पण धडा तोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये दावणगेरे जिल्ह्यातील न्यामती येथे बँकेच्या शाखेतून १७.७ किलो तारण सोने गेले; चोरांनी आधी कॅमेरे आणि घंटा यांचाच बंदोबस्त केला होता. आपल्याच जिल्ह्यात मुरगोड येथे २०२२ साली मध्यवर्ती सहकारी बँकेच्या शाखेतून सुमारे ६ कोटींचा ऐवज गेला. तेथे बनावट किल्ल्या वापरल्या गेल्या आणि पकडलेल्यांत बँकेचाच एक नोकर निघाला. गहाण ठेवलेले सोने हे कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे असते, कोणाच्या आईची आठवण असते. यंत्र बसविले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मानणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. बाहेरच्याने तार तोडली तर घंटा मुकी होते. आतल्याच्या हाती किल्ली गेली तर तिला वाजावयाचे कारणच उरत नाही.

आता थोडे आवाजाविषयी. ज्यांचा स्वरांशी रोजचा संबंध, त्यांनी या बाबतीत बोलणे अगदीच अप्रस्तुत होऊ नये. इमारत रिकामी करण्याच्या घंटेसाठी एक आंतरराष्ट्रीय नमुना १९८७ पासून ठरलेला आहे. तो म्हणजे चार मात्रांचा एक साधा ठेकाच: तीन मात्रांवर आघात, चौथी रिकामी, पुन्हा तीन, पुन्हा रिकामी. मात्रा एका सेकंदाची. हा ठेका कोणत्याही शाळेतील मूल पाच मिनिटांत ओळखावयास शिकेल. मग आगीला एक, चोरीला दुसरा, मोटारीला तिसरा असा भेद आपल्या गल्लीत का नसावा? आज सगळे भोंगे एकाच सुरात ओरडतात आणि त्यामुळे कोणताच काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट सुराच्या उंचीची. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक धूरसूचक घंटांचा सूर फार वरचा, सेकंदास सुमारे ३,००० कंपनांचा. पेटीच्या पट्ट्या जेथे संपतात त्याच्याही पलीकडचा हा सूर. उतारवयात कान पहिल्याने नेमके हेच वरचे सूर गमावतात. म्हणून अमेरिकेच्या अग्निसंहितेने २०१४ पासून हॉटेलांसारख्या ठिकाणच्या निजावयाच्या खोल्यांसाठी ५२० कंपनांचा खालचा सूर सांगितला. पांढरी एक पट्टीत गाणाऱ्याच्या तार षड्जाच्या जवळचा. निजलेला माणूस त्याने लवकर जागा होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या वाड्यांत आज राहतात ती बहुतेक सत्तरी ओलांडलेली माणसे. त्यांच्या उशाशी जी घंटा टांगली आहे ती त्यांना ऐकू येते की नाही, हे एकदा तरी कोणी पाहिले आहे काय? आपल्या भारतीय मानकात उशाशी ७५ डेसिबल आवाज असावा असे आहे. पण नुसता मोठा आवाज पुरत नाही. तो कानाच्या आवाक्यातला हवा.

मग करावे काय? कर्नाटकातील महापालिकांस उपविधी करण्याचा अधिकार १९७६ च्या कायद्याने दिलेला आहे. त्याचा आधार घेऊन बेळगाव महापालिकेने पाच कलमांचा एक साधा नियम करावा. एक, दुकानावर किंवा घरावर बाहेर ऐकू जाणारी घंटा बसविणाराने तिची नोंद करावी. नोंदीस फी नसावी. दोन, हाकेच्या अंतरावर राहणारे दोन किल्लीदार लेखी नेमावेत, आणि त्यांची नावे पोलीस ठाण्यात बंद लिफाफ्यात असावीत. दारावर लावून चोरांची सोय करू नये. तीन, चोरघंटा २० मिनिटांनी आपोआप थांबावी; अग्निघंटेस ही मर्यादा नसावी. चार, वर्षातील पहिले दोन खोटे गजर माफ, नंतर बेताचा दंड, आणि तो दंड गल्लीतील अग्निशमनाच्या साधनांवरच खर्च व्हावा. पाच, वर्षातून एक दिवस ठरवून प्रत्येक गल्लीने घंटा वाजवून पाहावी आणि १०१ किंवा ११२ वर वर्दी कशी द्यावी याचा सराव करावा.

भाषेचाही मुद्दा येथे टाळता येत नाही. हल्लीची काही यंत्रे बोलतात; घाबरलेल्या माणसास कोठून बाहेर पडावे ते सांगतात. त्यांचे शब्द आणि भिंतीवरील सूचना कन्नडात असाव्यात, तशा मराठीतही असाव्यात. फलकांवरून आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. पण धुराने कोंदलेल्या जिन्यात उभ्या असलेल्या आजीला तिच्या घरच्या भाषेत दोन शब्द सांगावे, याला कोणत्याही पक्षाच्या कानडी वा मराठी माणसाचा विरोध असेल असे आम्हांस वाटत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नियम आला की तपासनीस आला, आणि तपासनीस आला की त्याचा हात पुढे आला, असा आपला अनुभव आहे. व्यापारी मंडळी म्हणतील, आधीचे परवाने काय कमी आहेत? म्हणूनच आम्ही फी नको म्हणतो, परवाना नको म्हणतो. नुसती नोंद पुरे. शिवाय या नियमाचा मुख्य भाग सरकारने करावयाचा नाहीच. किल्लीदार नेमणे हे मालकाचे काम आहे आणि किल्ली स्वीकारणे हे शेजाऱ्याचे. मागणाऱ्यास संकोच वाटतो, घेणाऱ्यास जोखीम वाटते. आणि या संकोचापायीच अनेक वाड्यांच्या किल्ल्या आज पुण्यामुंबईच्या कपाटांत पडून आहेत.

या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून आहे. एका घराचा धूर दुसऱ्या घरात जावयास रस्ता ओलांडावा लागत नाही. दिवाळीसाठी बाहेरगावची मुले घरी येतील, तेव्हा नव्या यंत्राची माहिती आईवडिलांस सांगून झाल्यावर त्यांनी आणखी एक काम करावे. शेजारच्या घरी फराळाचे ताट घेऊन जावे, आणि त्या ताटाबरोबर एक किल्ली आणि एक फोन नंबर ठेवून यावा.