पटावरची मुले आणि कड्यावरची शाळा

आयर्लंडच्या केरी परगण्यातील डिंगल द्वीपकल्प जेथे संपते आणि अटलांटिक महासागराचा अंमल सुरू होतो, तेथे डून खीन नावाचे एक गाव आहे. गाव म्हणावे तर घरे डोंगरउतारावर अशी विखुरलेली की एका अंगणातली हाक दुसऱ्या अंगणात पोचू नये. आणि न म्हणावे तर प्रार्थनामंदिर, दफनभूमी, होड्यांचा धक्का व प्राथमिक शाळा असा गावपणाचा सारा सरंजाम येथे शाबूत आहे. ह्याच्या पश्चिमेचे पुढचे गाव अमेरिकेत, असे इथले लोक थट्टेने सांगतात. परंतु ज्या मुलखातली पिढ्यान् पिढ्या तरुण माणसे आगबोटीत बसून मॅसॅच्युसेट्सकडे गेली आणि बहुतेक परतली नाहीत, त्या मुलखात ती थट्टा निव्वळ थट्टा राहत नाही.

मी तेथे गेलो तो समोरचे ग्रेट ब्लास्केट बेट पाहण्याच्या इराद्याने. हवा बरी असली तर होडी वीसेक मिनिटांत पलीकडे पोचते. पण हवा बरी नव्हती, आणि दोन दिवस मी धक्क्यावर नुसता उभा राहिलो. कड्यावरून धक्क्याला उतरणारी वाट इतकी उभी आणि नागमोडी आहे, की मेंढ्यांचा कळप तीवरून वर चढत असल्याची चित्रे पोस्टकार्डांवर विकली जातात. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून केलेल्या येथल्या होडीला ‘नेव्होग’ म्हणतात. ती उलटी करून तिघेचौघे डोक्यावर वाहून नेऊ लागले, म्हणजे एखादा अवाढव्य काळा भुंगा पायी चालल्याचा भास होतो.

भर वस्तीच्या काळातही जेमतेम पावणेदोनशे माणसांच्या त्या बेटाने आयरिश भाषेला तीन आत्मकथा दिल्या: तोमास ओ क्रोहनची १९२९ साली, मुरिश ओ सुलेवानची १९३३ साली आणि पेग सेयर्सची १९३६ साली. ह्यांतली पेग मूळची डून खीनची, लग्न होऊन बेटावर गेलेली. आयरिश तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिने सांगायचे आणि मुलाने उतरून घ्यायचे, अशी त्या पुस्तकाची घडण झाली. खंडवसुलीला आलेल्या बेलिफांना बेटावरच्या बायकांनी दगडधोंड्यांनी कसे पिटाळले, ह्याची हकीकत तोमासने ज्या अलिप्त खुषीने सांगितली आहे, ती वाचून कोणाही कोकणी कुळाच्या वारसाला गुदगुल्या व्हाव्यात. पुढे तरुण निघून गेले. १९४७ साली वादळांनी कोंडलेल्या बेटाने पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्याकडे अन्नासाठी तार केली, आणि १७ नोव्हेंबर १९५३ रोजी, अवघी बावीस माणसे उरली असता, सरकारने वस्ती हलविण्यास आरंभ केला. बहुतेकांना घरे मिळाली ती डून खीनमध्येच, म्हणजे सोडलेले बेट रोज सकाळी दारातून दिसावे अशा ठिकाणी.

परंतु मला सांगायची आहे ती गोष्ट बेटाची नव्हे, गावातल्या शाळेची. डेव्हिड लीन ह्या इंग्रज दिग्दर्शकाने ‘रायन्स डॉटर’ हा चित्रपट ह्याच परिसरात घेतला. त्यासाठी डोंगरावर दगडी घरांचे एक अख्खे गाव उभारले, आणि कथानायक शाळामास्तर असल्यामुळे समुद्रावरच्या कड्याजवळ एक शाळाही बांधली. चित्रपट १९७० साली प्रदर्शित झाला. त्याच वर्षी पटसंख्येचे कारण दाखवून शिक्षणखात्याने डून खीनची खरी शाळा बंद केली आणि मुलांनी शेजारच्या गावी जावे, असे ठरविले. गावकऱ्यांनी तो हुकूम मानला नाही. शाळा आपल्या हिमतीवर चालविली, निदर्शने केली, आणि १९७३ साली सरकार बदलल्यावर ती पुन्हा सरकारमान्य करून घेतली. तोवर दगडी खोटे गाव केव्हाच पाडले गेले होते. खोटी शाळा मात्र छप्पर उडालेल्या स्थितीत कड्यावर पुढे कित्येक वर्षे उभी राहिली.

आयरिश ही राष्ट्राची पहिली अधिकृत भाषा असल्याचे ज्या राज्याने १९३७च्या घटनेत कोरून ठेवले, त्याच राज्याच्या दप्तरात ती भाषा स्वभावतः बोलणारी मूठभर मुले खर्चाची बाब ठरावी, ह्याला विसंगती म्हणणे सौम्यपणाचे होईल. घटनेतले कलम लिहिणारा हात आणि शाळेचा हिशेब तपासणारा हात एकमेकांना ओळखत नाहीत, हे खरे दुखणे आहे. आणि ते आपल्याला परके नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार आपल्याकडे २०२३ साली पुढे आला, आणि पुढच्याच वर्षी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे आपण वाटले. पेढ्यांना माझा विरोध नाही. डोंगरातल्या वस्तीवरच्या आठ मुलांना ओढे ओलांडून दुसरीकडे जायला लावण्याला आहे.

मात्र सक्तीनेही भाषा जगत नाही, ह्याची साक्ष बिचाऱ्या पेगनेच दिली आहे. तिचे पुस्तक शाळांतून नेमले गेले, आणि दुःख, दारिद्र्य व मृत्यू ह्यांची ती कहाणी परीक्षेसाठी घोकावी लागल्यामुळे आयर्लंडच्या कित्येक पिढ्यांनी तिचा मनापासून तिटकारा केला. तिची कबर डून खीनच्या दफनभूमीत, समुद्राकडे तोंड करून आहे. तेथे मला त्या विद्यार्थ्यांची थोडी लाज वाटली आणि अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांची अधिक. १९९३ साली गावात बेटाच्या स्मृती जपणारे ब्लास्केट केंद्र उघडले. त्याची लांबलचक मार्गिका बेटाकडे उघडणाऱ्या खिडकीशी संपते. केंद्र देखणे आहे आणि गावात थोडी रोजी आणते, हेही खरे. तरी ज्या भाषेत एखाद्या पोराला अजून शेंबूड पुसायला सांगतात, तिला काचेमागे ठेवण्याची घाई कशाला, असे माझ्या मनात येऊन गेले.

ज्या घरी मी उतरलो होतो तेथल्या वृद्ध मालकीणबाईंनी निघण्याच्या आदल्या रात्री माझ्याकडून गावाचे नाव म्हणवून घेतले. इंग्रज प्रवासी मधल्या अक्षरावर हटकून अडखळतात, म्हणाल्या. मी आमच्या ‘खबर’ शब्दातला मूळचा अरबी-फारसी ख आठवून, घसा किंचित खरवडून, ‘डून खीन’ म्हटले. त्यांनी आणखी एकदा म्हणायला लावले, मग समाधानाने चुलीत पीटचे एक ढेकूळ सारले, आणि उद्याही होडी जायची नाही असे सांगून झोपायला गेल्या.