खर्ड्यानंतरचं रीळ

हैदराबादच्या जामबागेत विवेकवर्धिनीच्या आसपास मराठी चित्रपटांचा विषय निघाला की एक मत हटकून कानी पडतं: जुने युद्धपट म्हणजे पुठ्ठ्याचे बुरूज आणि लुटुपुटीच्या तलवारी, खरी लढाई दिसली ती 'फर्जंद', 'तान्हाजी', 'पावनखिंड'मध्ये. त्याला जोडूनच दुसरं येतं: युद्धपटाने अंगावर काटा आणावा, इतिहासाचा कीस काढत बसू नये.

पहिलं मत तंत्रापुरतं कबूल. १९२३ साली बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड'मधल्या रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, त्याचंच तेव्हा अप्रूप होतं. आज संगणक म्हणाल तेवढे मावळे उभे करतो. पण लढाई मोठी दिसली म्हणून युद्ध कळतं असं नाही. पालखेडचंच घ्या. १७२८ मध्ये बाजीरावाने निजामाला पुण्याकडून मागे खेचलं, पळवून पळवून दमवलं आणि पालखेडपाशी दाणापाणी तोडून कोंडलं. मुंगी-शेवगावचा तह झाला तो तहानेपुढे हात टेकून. रक्त थोडं आणि अक्कल फार अशा मोहिमेत आजचा कॅमेरा बहुधा जांभया देईल. शिवाय धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन त्या काळात निजामाच्याच पदरी होता. एक फौज भगवी, दुसरी हिरवी, अशी सोयीची रंगसंगतीही तिथे जमत नाही.

खर्ड्याच्या लढाईचा तर विजयपट सहज होईल. ११ मार्च १७९५, निजाम अली खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडलेला, त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुणेकरांच्या ताब्यात. नगारे वाजवा आणि पडदा पाडा! माझं भांडण नेमकं इथे आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला, दिवाण सुटला आणि मिळालेलं बरंचसं हातचं गेलं. खर्ड्यावर इंग्रजांनी निजामाला मदत केली नव्हती. तोच निजाम १७९८ मध्ये त्यांची तैनाती फौज पदरात घेऊन बसला. पुढे चारच वर्षांत वसईला दुसऱ्या बाजीरावानेही तेच केलं. जामबागेतून पायी कोठीला जा, पूर्वीच्या महिला महाविद्यालयाच्या आवारात इंग्रजांच्या रेसिडेन्सीचे उंच खांब दिसतील. खर्ड्यात कोण जिंकलं याचं उत्तर त्या खांबांना धरून द्यावं लागतं, आणि ते रीळ कोणी काढत नाही.

अंगावरच्या काट्याबद्दल माझी तक्रार नाही. तो तलवारीनेच येतो, एवढं मात्र मान्य नाही. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) मध्ये सोलापूरचा डॉक्टर चीनमध्ये जखमा शिवतो आणि तिथेच मरतो. शांतारामबापूंनी स्वतः ती भूमिका केली. नायकाने शत्रू मारला नाही म्हणून तो युद्धपट नव्हे म्हणणाऱ्यांनी युद्धातल्या इस्पितळांचा हिशेब कुठे मांडायचा ते सांगावं.

आणि आपल्या दारातलं युद्ध? १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात शिरायला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गचा पूल शाबूत ताब्यात घेतला. १८ तारखेला निजामाच्या जनरल अल इद्रूसने भारताच्या जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांच्या जाचाने मराठवाड्यातली माणसं घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती. हे दाखवायलाच हवं. पण त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने एकूण मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि तो अहवाल कित्येक वर्षं दडून राहिला. एक अर्धं दाखवून दुसरं गाळणारा दिग्दर्शक, तो कुठल्याही बाजूचा असो, पक्षाचा प्रचारक झाला. या लढाईचं, म्हणजे पोलीस ॲक्शनचं, नाव निघालं की आमच्याकडची जुनी माणसं आवाज खाली आणतात, ते उगीच नव्हे.

असला चित्रपट कोण पाहणार, हा शेवटचा आक्षेप. १९६२ चा पराभव ताजा असताना, १९६४ मध्ये, चेतन आनंदने लडाखच्या थंडीत माघार घेणारे जवान 'हकीकत'मध्ये दाखवले. लोकांनी तो पैसे मोजून पाहिला.